कवटीच्या तळाची छिद्रं: डावं-उजवं सारखं नसलं तर?



गेल्या महिन्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका दवाखान्यात आले. अर्धं आयुष्य स्वारगेट डेपोत गेलेलं. हातात सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि त्यातल्या दोन ओळींखाली लाल पेनाने रेघा मारलेल्या.

"डॉक्टर, माझ्या डोक्याच्या तळाच्या हाडाला एक भोक जास्तीचं निघालंय. उजवीकडचं दुसरं भोक डावीपेक्षा लहान आहे. मुलाने मोबाइलवर शोधलं, तर ते हृदयातलं भोक असतं म्हणे. आता हृदयाचंही ऑपरेशन करावं लागणार का?"

काकांना वर्षभर उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येत होती. दाढी करताना, दात घासताना, कधी नुसता वारा लागला तरी. आधी दाताचं दुखणं समजून एक दाढ काढून झाली. कळ गेली नाही. मग निदान झालं ट्रायजेमिनल न्युराल्जियाचं, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेच्या दुखण्याचं. गोळ्यांनी आराम पडला, पण डोस वाढवला की चक्कर यायची. म्हणून मेंदूच्या सर्जनने सुईची प्रक्रिया सुचवली आणि त्याआधी कवटीच्या तळाचा बारीक काप घेणारा सीटी स्कॅन करायला सांगितला. त्या रिपोर्टात लिहिलं होतं: उजवं फोरामेन ओव्हेल डाव्यापेक्षा लहान, उजव्या बाजूला फोरामेन व्हेसालियस आहे, दोन्ही नॉर्मल व्हेरिअंट.

काकांनी पहिल्या दोन गोष्टींखाली रेघा मारल्या होत्या. शेवटच्या दोन शब्दांखाली मारल्या नव्हत्या. आज आपण त्या दोन शब्दांबद्दल बोलणार आहोत. त्यांच्यामागे जवळजवळ 500 वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या पुण्याच्या एका बाईंचा मोठा वाटा आहे.

आधी हृदयाची काळजी मिटवू

'फोरामेन' म्हणजे लॅटिनमध्ये छिद्र आणि 'ओव्हेल' म्हणजे अंडाकृती. गर्भात असताना हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये असं एक अंडाकृती छिद्र असतं, आणि जन्मानंतर ते बहुतेकांचं बंद होतं. कवटीच्या तळालाही अंडाकृती छिद्र आहे. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी दोघांना एकच नाव दिलं. एका गावात दोन पाटील असावेत, तसा हा प्रकार. कवटीचं छिद्र कधीच बंद होत नाही आणि व्हायलाही नको, कारण त्यातून नस जाते. काकांच्या हृदयाचा या रिपोर्टाशी काही संबंध नव्हता.

कवटीला तळ असतो आणि तळाला वाटा असतात

कवटी म्हटलं की आपल्याला वरचा घुमट आठवतो. पण मेंदू ज्यावर टेकलेला असतो तो तळ जास्त गुंतागुंतीचा आहे. मेंदूतून निघणाऱ्या नसा, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आणि परत येणाऱ्या शिरा या तळातूनच ये-जा करतात. प्रत्येकीची वाट ठरलेली.

तळाच्या मधोमध पंख पसरलेल्या फुलपाखरासारखं दिसणारं स्फेनॉइड नावाचं हाड आहे. त्याच्या दोन्ही मोठ्या पंखांमध्ये प्रत्येकी तीन ठरलेली छिद्रं असतात. पुढचं गोल, फोरामेन रोटंडम. त्यातून वरच्या जबड्याची नस जाते. त्यामागे फोरामेन ओव्हेल, साधारण तुरीच्या दाण्याएवढं; त्यातून खालच्या जबड्याची आणि चावण्याच्या स्नायूंची नस जाते. त्याच्याही मागे मोहरीएवढं फोरामेन स्पायनोसम. त्यातून मेंदूच्या आवरणाची धमनी आत येते.

आणि काही जणांमध्ये ओव्हेलच्या थोडं पुढे, आतल्या बाजूला, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं चौथं छिद्र असतं. कुणाला दोन्ही बाजूंना, कुणाला एकाच बाजूला, कुणाला नाहीच. त्यातून एक लहानशी शीर जाते. हेच ते फोरामेन व्हेसालियस.

हा व्हेसालियस कोण?

आंद्रेयास व्हेसालियस 1514 साली ब्रुसेल्समध्ये जन्मला आणि इटलीत पाडुआच्या विद्यापीठात शिकवू लागला. तोपर्यंत युरोपात शरीरशास्त्र म्हणजे गेलनचे ग्रंथ. गेलन दुसऱ्या शतकातला मोठा वैद्य, पण त्याची शवविच्छेदनं मुख्यतः माकडांची आणि इतर प्राण्यांची होती. प्राध्यापक उंच खुर्चीत बसून गेलन वाचत, खाली मदतनीस प्रेत कापत असे, आणि समोर वेगळं दिसलं तरी ग्रंथ खरा मानला जाई. खालच्या जबड्यात दोन हाडं असतात, असं गेलनने लिहिलं होतं. माणसात ते एकच असतं.

व्हेसालियस खुर्चीतून खाली उतरला आणि त्याने सुरी स्वतः हातात घेतली. 1543 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बाझेल शहरात त्याचा मानवी शरीररचनेवरचा सचित्र महाग्रंथ छापला गेला. काकांच्या रिपोर्टातल्या छिद्राला त्याचं नाव मिळालं ते या ग्रंथातल्या वर्णनामुळे.

पुढच्या शतकांत शरीरशास्त्रज्ञांनी हजारो कवट्या उलट्या करून ही छिद्रं मोजली. कुठे स्पायनोसमची कड अपुरी, कुठे ओव्हेल आणि स्पायनोसम एकमेकांत मिसळलेली, कुठे ओव्हेलवर हाडाचा बारीक पूल आलेला. व्हेसालियसच्या छिद्राचं प्रमाण तर प्रत्येक मोजणीत वेगळं आलं, पण 'दुर्मीळ' म्हणावं इतकं कमी नाही.

असं का होतं? घराच्या स्लॅबचं उदाहरण घ्या. स्लॅब ओतून झाल्यावर कुणी ड्रिलने भोकं पाडत बसत नाही. पाइप आधी उभे करतात आणि काँक्रीट त्यांच्याभोवती बसतं. गर्भातही तसंच. नसा आणि रक्तवाहिन्या आधी येतात, हाड नंतर त्यांच्याभोवती तयार होतं. एखादी शीर मोठ्या नसेबरोबर एकाच वाटेने गेली, तर दोघींना मिळून एक छिद्र. तीच शीर दोन मिलिमीटर बाजूने गेली, तर तिच्यासाठी वेगळं छिद्र. आणि डाव्या-उजव्या बाजूची ही बांधणी आपापली चाललेली असते, त्यामुळे थोडा फरक राहणारच.

पुण्याची मुलगी आणि 149 कवट्या

आता आपण बर्लिनला जाऊ. स्वारगेटहून कर्वे रस्त्याने तुम्ही कितीदा गेला असाल. तो रस्ता महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावाचा. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे आपल्याला 'युगान्त'च्या लेखिका म्हणून माहीत आहेत. पण त्यांची डॉक्टरेट महाभारतावर नव्हती, ती माणसाच्या कवटीवर होती.

इरावतीबाईंचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये, नंतर मुंबईत गो. स. घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्राचं. 1928 च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्राच्या एका नामांकित संस्थेत ऑयगेन फिशर या प्राध्यापकाकडे संशोधन करू लागल्या. हा फिशर वंशश्रेष्ठतेचा कट्टर पुरस्कर्ता होता. पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत तो आणि त्याची संस्था आघाडीवर होती.

फिशरची कल्पना अशी: गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी अधिक तर्कशुद्ध असते, म्हणून त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असणार आणि त्याची कवटी त्या बाजूला अधिक फुगलेली असणार, इतर वंशांची तशी नसणार. निष्कर्ष आधीच ठरलेला होता. मोजमापं घेऊन तो सिद्ध करण्याचं काम या विद्यार्थिनीकडे आलं.

इरावतीबाईंनी 149 कवट्या तपासल्या. काही युरोपीय माणसांच्या, काही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या. डावी बाजू, उजवी बाजू, पुन्हा डावी, पुन्हा उजवी. फरक सगळीकडे निघाले. पण ते वंशाप्रमाणे वाटले गेले नव्हते. गोऱ्या माणसाच्या उजव्या बाजूला काही खास दिलेलं सापडलं नाही. मार्गदर्शकाला जे हवं होतं ते आकड्यांत नव्हतं, आणि पंचविशीतल्या, परक्या देशातल्या, परक्या भाषेत लिहिणाऱ्या या मुलीने नाही ते नाही असं लिहिलं.

त्यांचा विषय आपली ही बारीक छिद्रं नव्हती, कवटीच्या दोन बाजूंमधला फरक हा होता. पण प्रबंधाचं शीर्षक पाहा. मराठीत सांगायचं तर 'मानवी कवटीची नॉर्मल असमानता'. जर्मन शीर्षकातला पहिला शब्दच 'नॉर्मल'. काकांच्या रिपोर्टात रेघ न मारलेला शब्दही तोच.

परत आल्यावर 1939 पासून इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या आणि 1970 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते त्यांचं कामाचं ठिकाण राहिलं. त्याच डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं. तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास झाला. 1967 मध्ये इंग्लंडमधल्या बेरी दांपत्याने कवटीवरच्या तीसएक बारीक फरकांची यादी प्रसिद्ध केली होती, आणि तळाच्या छिद्रांमधले फरकही तिच्यात आहेत. जगभर अशा नोंदींचा उपयोग जुन्या वस्त्यांमधली नाती शोधायला होतो. फरक नोंदवायचा, पण त्यावरून कुणाला वर किंवा खाली बसवायचं नाही. बर्लिनच्या त्या खोलीपासून शास्त्र इतकं पुढे आलं.

या कवट्या कुणाच्या होत्या?

माझ्या पिढीचे डॉक्टर ही छिद्रं 'बोन सेट'वर शिकले. पहिल्या वर्षी सीनियरकडून हाडांची पेटी विकत घ्यायची, छिद्रात झाडूची काडी घालायची आणि ती कुठे बाहेर निघते ते पाठ करायचं. ती कवटी कुणाची, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्यासाठी आपल्याकडे 1949 चा शरीरशास्त्र कायदा आहे. शिवाय जगभरच्या विद्यार्थ्यांच्या पेट्यांतले सांगाडे दशकानुदशकं भारतातून, मुख्यतः कलकत्त्याहून जात. ती निर्यात सरकारने 1985 मध्ये बंद केली. बर्लिनच्या आफ्रिकन कवट्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या रिपोर्टातले 'नॉर्मल' हे शब्द ज्यांच्या हाडांवरून ठरले, त्यांतल्या बहुतेकांनी संमती दिलेली नव्हती. आज जी माणसं आपणहून देहदानाचा अर्ज भरतात, त्यांचं मोल म्हणूनच मोठं आहे.

मग रिपोर्टात लिहितात कशाला?

हा काकांचा पुढचा प्रश्न. "नॉर्मल आहे तर लिहायचं कशाला? आणि उजवं भोक लहान, कळ पण उजवीकडेच. म्हणजे नस तिथेच चेपत असणार ना?"

प्रश्न चांगला होता. पण या दुखण्याचं मुख्य कारण त्या छिद्राशी नसतं. नस मेंदूच्या देठातून जिथे निघते तिथे, म्हणजे छिद्राच्या बरंच आत, एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकते आणि प्रत्येक ठोक्याला घासते. काकांच्या एमआरआयमध्ये तशी धमनी दिसतच होती. दोन फरक एकाच बाजूला आढळले म्हणून एक दुसऱ्याचं कारण होत नाही. फिशरने हेच केलं होतं: फरक गृहीत धरला आणि त्याला हवा तो अर्थ चिकटवला. काकांनी ते भीतीपोटी केलं, त्याने अहंकारापोटी.

तरीही छिद्राची नोंद निरुपयोगी नाही. ती सर्जनसाठी आहे. गोळ्यांचा पहिला मोठा टप्पा 1962 मध्ये आला, कार्बामाझेपिनच्या रूपाने. आजही बहुतेक रुग्णांची सुरुवात त्यानेच होते (ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ किंवा बंद करू नका, अंगावर पुरळ येणं, रक्तातलं सोडियम कमी होणं हे तिचे धोके आहेत). गोळी पुरेनाशी झाली किंवा सोसली नाही, की काही रुग्णांसाठी सुईचा मार्ग असतो. फ्रिट्झ हार्टेल या जर्मन सर्जनने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो नीट मांडला: ओठाच्या कोपऱ्यापासून सुमारे तीन सेंटिमीटर बाहेर गालातून सुई घालायची आणि फोरामेन ओव्हेलमधून नसेच्या गाठीपर्यंत पोचायचं. 1970 च्या दशकात या सुईतून नियंत्रित उष्णता देण्याची पद्धत रूढ झाली, 1980 च्या दशकात लहानसा फुगा फुगवण्याची.

आता विचार करा. सुईला तुरीएवढ्या छिद्रातून जायचंय आणि शेजारी राजगिऱ्याएवढं दुसरं छिद्र आहे, ज्यातली शीर थेट मेंदूखालच्या रक्ताच्या मोठ्या पोकळीला जोडलेली आहे. सुई चुकून तिकडे गेली तर रक्तस्राव होऊ शकतो. ओव्हेल अरुंद असेल किंवा त्यावर हाडाचा पूल असेल, तर सुईचा कोन बदलावा लागतो. सर्जनला हे आधी कळलेलं बरं. म्हणून रेडिओलॉजिस्ट लिहितो. तो आजार कळवत नसतो, घाटातलं वळण दाखवत असतो.

मग काळजी कधी करायची?

नॉर्मल फरकाची कड गुळगुळीत आणि स्पष्ट असते, आणि तो फरक जन्मापासूनचा असतो. गाठीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे छिद्र रुंदावलं असेल तर कड बहुधा बदललेली किंवा झिजलेली दिसते; रेडिओलॉजिस्ट हे पाहतो आणि वेगळ्या शब्दांत लिहितो. तुमच्या बाजूने एवढं लक्षात ठेवा:

- चेहऱ्याचा एक भाग कायम बधिर राहणं, चावायला जोर न लागणं, एक वस्तू दोन दिसणं, एका कानाने कमी ऐकू येणं: यांपैकी काही असेल तर लवकर डॉक्टरांना दाखवा. चेहऱ्यात कळ येणाऱ्या रुग्णाला ही लक्षणं असतील तर तपासणी आणखी खोलात जाऊन करावी लागते.
- दाताचा, नाकाचा किंवा चेहऱ्यावरच्या फोडाचा संसर्ग असताना तीव्र ताप, खूप डोकेदुखी, डोळा सुजणं किंवा पुढे येणं, पापणी पडणं: त्याच दिवशी रुग्णालय गाठा. चेहऱ्याच्या खोल शिरा अशा बारीक वाटांनी आतल्या पोकळीशी जोडलेल्या असतात आणि त्यांत रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकतं. असा संसर्ग आत जाणं क्वचित घडतं, पण घडलं तर धोक्याचं असतं.
- विजेच्या झटक्यासारखी कळ असेल तर निरोगी दात काढण्याची घाई करू नका. आधी निदान पक्कं करून घ्या.
- केवळ 'नॉर्मल व्हेरिअंट' लिहिलं आहे म्हणून दर वर्षी स्कॅन करू नका. हे छिद्र वाढत नाही, पसरत नाही आणि त्यावर औषधही नसतं.

काकांचं काय झालं?

मी त्यांच्याच लाल पेनाने 'नॉर्मल व्हेरिअंट'खाली दोन रेघा मारल्या आणि इरावतीबाईंची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे डेपोतल्या गाड्यांसारखंच की, डॉक्टर. एकाच मॉडेलच्या, पण ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरला फरक माहीत." इतक्या वर्षांत मला याहून नेमकं सांगता आलं नव्हतं.

त्यांची प्रक्रिया झाली. सर्जनने स्कॅन समोर ठेवून सुईचा कोन ठरवला. कळ थांबली आहे, उजवा गाल थोडा बधिर आहे. ते होणार हे आधीच सांगितलेलं होतं. हा आराम कायमचा असेलच असं नाही. काही वर्षांनी कळ परत येऊ शकते आणि प्रक्रिया पुन्हा करता येते. परवा आले तेव्हा स्वच्छ दाढी केलेली होती. वर्षभरात पहिल्यांदाच.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की रेघ मारण्याआधी ओळ शेवटपर्यंत वाचा. नाही समजली तर मोबाइलला विचारण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. वेळ काढून सांगणं हे आमचं कामच आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)